गारठा आणि मूळ

हिमाचा कण न पडता, पाण्याचा थेंबही न गोठता, नुसत्या गारठ्याने काकडीचे रोप दगावते, ही गोष्ट शास्त्राच्या दफ्तरी रीतसर दाखल होण्यास एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ यूलियस झाक्स याने तंबाखू आणि भोपळा यांच्या मुळांभोवतीची माती ३ ते ५ अंशांपर्यंत निवू दिली, तेव्हा ओल मुबलक असूनही पानांनी माना टाकल्या. तीच माती १२ ते १८ अंशांवर आणताच पाने पुन्हा टवटवीत झाली. समोर पाणी असून मुळांना ते ओढून घेता येत नव्हते. पुढे १८९७ साली हान्स मोलिश याने गोठून मरणे आणि गारठून मरणे हे दोन निराळे मृत्यू होत, असा स्पष्ट निवाडा दिला. हाच मोलिश उतारवयात कलकत्त्यास बोस संस्थेत येऊन काम करून गेला, ही आठवण मला विशेष मोलाची वाटते.

कारणाची तहकीकात मात्र फार काळ रेंगाळली. १९७० च्या सुमारास लायन्स आणि रेझन यांनी टोमॅटो, काकडी व रताळे यांच्या पेशींतील श्वसन सुमारे १० अंशांखाली एकाएकी मंदावते, फ्लॉवर आणि बटाट्याचे तसे होत नाही, असे दाखवून पेशीच्या पडद्यातील स्निग्धांशावर बोट ठेवले. थंडीत तूप थिजते आणि तिळाचे तेल पातळ राहते, तसाच हा भेद. सगळा उलगडा त्याने झाला नाही, तरी संशोधनास दिशा मिळाली. १९९२ मध्ये मुराता आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एकच जनुक घालून तंबाखूची थंडी सोसण्याची ताकद कमीजास्त करून दाखविली. २००२ साली अन्य संशोधकांनी मोहरीच्या कुळातील एका रानरोपाचे जनुक टोमॅटोत घातले. झाडे गारठ्याला पुरून उरली, पण खुजी झाली आणि फळधारणाही घटली. अँडीज पर्वतात ३००० मीटरांवर वाढणारा लवदार, हिरव्या फळांचा रानटी टोमॅटो संकरासाठी हाती होताच. परंतु त्याच्या काटकपणाबरोबर त्याचे अवगुणही संततीत उतरतात आणि ते निपटण्यात पिढ्या जातात.

प्रयोगशाळांच्या कीर्तीचा मला आदर आहे. तरीही शेतकऱ्याच्या पदरात खरे माप टाकले ते कलमाने, असे माझे ठाम मत आहे. जपान आणि कोरियातील बागायतदारांनी अमेरिका खंडातील डोंगराळ मुलखातून आलेल्या, काळ्या बियांच्या भोपळ्याचे मूळ काकडीस दिले, कारण ते गार मातीतही पाणी ओढत राहते. दोन्ही कोवळ्या रोपांच्या देठांना तिरके छेद देतात, एकास वरून खाली आणि दुसऱ्यास खालून वर; जिभा एकमेकींत अडकवून चिमटा लावतात; भोपळ्याचा शेंडा खुडतात, आणि सांधा जुळला की काकडीचे स्वतःचे मूळ तोडून टाकतात. झाक्सच्या कुंडीत जसे मूळ हरले होते, तशाच मुळाच्या जागी दुसरे बसविण्याची ही तजवीज होय.

फुलापर्यंत मात्र कलमाचा अंमल चालत नाही. रात्रीचा पारा १० अंशांखाली उतरत राहिला की टोमॅटोच्या परागांची प्रत ढासळते, आणि मुळाने पाणी कितीही पोचविले तरी फूल फळ न धरताच गळून पडते.