पिंजऱ्याच्या अलीकडे

बोरिवलीचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सोमवारी पर्यटकांना बंद असतं. आत बिबट्यांच्या पिंजऱ्यांपाशी मात्र काम नेहमीच्या वेळी सुरू होतं. तिथल्या माणसांना सुट्टी मिळते ती आळीपाळीनं.

या माणसांबद्दल फार कमी लिहिलं जातं. बिबट्या पकडला की बातमीत वनाधिकारी असतात, पशुवैद्यक असतात. तो बिबट्या पुढची दहा-बारा वर्षं ज्याच्या भरवशावर जगणार असतो, त्याचं नाव कुठे येत नाही. त्याची नेमणूक कुठल्या का पदावर असेना, त्याच्या अंगी असलेलं कौशल्य कुठल्याही पदविकेत पुरतं मावत नाही.

त्या कौशल्याची सुरुवात सकाळच्या पहिल्या फेरीत होते. पिंजऱ्यापुढून जाताना प्राणी उठतो का, कोणत्या पायावर आधी भार देतो, पोट श्वासागणिक किती हलतं, हे आधी पाहायचं. मग कालचं मांस. सगळं संपलंय की हाडालगतचं तेवढं राहिलंय? मांस एकाच बाजूनं चावलेलं असेल तर दुसऱ्या बाजूचा सुळा तपासायला हवा. सापळ्याचे गज चावून सुळे तुटलेले बिबटे थोडे नसतात. वयस्क बिबट्याचं पाणी रोजच्यापेक्षा लवकर संपू लागलं तर मूत्रपिंडाची शंका घ्यायची. विष्ठा घट्ट की पातळ, तिचा रंग कसा, तिच्यात जंत दिसतात का, हेही रोज पाहायचं आणि वहीत लिहायचं. जंगली प्राणी आजार लपवतो. दुबळा दिसला तर जंगलात त्याचा टिकाव लागत नाही, आणि ही सवय पिंजऱ्यातही सुटत नाही. डॉक्टर येतात तेव्हा तो ताठ उभा राहतो. तो काल कसा होता, परवा कसा होता, हे फक्त रोज पाहणाऱ्याला ठाऊक असतं. माझ्या मते निम्मं निदान इथेच होतं.

त्यानंतर साफसफाई. प्राण्याला शेजारच्या कप्प्यात घ्यायचं, मधलं सरकतं दार पाडायचं, कुलूप लावायचं, ते ओढून पाहायचं, प्राणी पलीकडेच आहे याची डोळ्यांनी खात्री करून घ्यायची आणि मगच आत पाऊल टाकायचं. हा क्रम वर्षानुवर्षं रोज तसाच पाळावा लागतो. अनुभवी माणसाचाच घात होण्याचा धोका अधिक, कारण सरावानं हात आपोआप चालतात आणि डोळे मागे राहतात.

इतके बिबटे इथे आले कसे, हेही सांगायला हवं. २००४ च्या जूनमध्ये उद्यानाच्या आसपास बिबट्यांच्या हल्ल्यांत १० माणसं दगावली. त्या काळात पिंजरे लावून अनेक बिबटे धरले गेले आणि कित्येकांच्या वाट्याला कायमचा बंदिवास आला. एका ठिकाणचा बिबट्या पकडून दुसरीकडे सोडला की संघर्ष वाढू शकतो, हे वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांच्या जुन्नर परिसरातल्या अभ्यासानं दाखवलं. पुढे २०११ मध्ये ‘मुंबईकर्स फॉर एसजीएनपी’ (एसजीएनपी म्हणजे हेच उद्यान) हा उपक्रम सुरू झाला, आणि बिबट्या दिसताच पकडा हा आग्रह हळूहळू ओसरला.

तरी प्रसंग येतातच. डिसेंबर २०१७ मध्ये अंधेरीच्या शेर-ए-पंजाब वसाहतीतल्या बालवाडीत बिबट्या शिरला. पुढच्याच महिन्यात मुलुंडच्या नानेपाड्यात एकानं सहा जणांना जखमी केलं. अशा वेळी भुलीचं इंजेक्शन लागेपर्यंत सगळ्यांचं लक्ष बंदुकीकडे असतं. खरी नाजूक घटका त्यानंतरची. केटामिन दिलेल्या प्राण्याचे डोळे उघडेच राहतात, म्हणून त्यांत मलम घालून वर फडकं बांधायचं. जीभ घशाकडे जाऊ द्यायची नाही, मान सरळ ठेवायची. श्वास मोजायचे, ताप पाहत राहायचं. मुंबईच्या दमट हवेत अंग तापलं तर पाणी मारायचं. भोवती मोबाइल उंचावलेला जमाव ओरडत असतो आणि इथे एक माणूस हलक्या आवाजात श्वास मोजत असतो. हे पाहिलं की त्या जमावाला गप्प करावंसं वाटतं.

सगळ्यात अवघड काम पिल्लांचं. आईविना सापडलेल्या बछड्याला दर काही तासांनी दूध पाजावं लागतं. आई चाटून करते ते काम ओल्या कापसानं करावं लागतं, नाहीतर इतक्या लहान पिल्लाला लघवी-शी होत नाही. रात्री जागून वाढवलेलं पिल्लू जरा सावरलं की मात्र त्याच्यापासून दूर व्हायचं. माणसाची भीती गेलेला बिबट्या जंगलात सोडता येत नाही, त्यामुळे लळा लावणं म्हणजे त्याला जन्मठेप देणं. आई असेल तर तिच्यावर सोपवायचं. सिंहांच्या बाबतीतही हेच. जानेवारी २०२५ मध्ये उद्यानातल्या मानसी सिंहिणीला छावा झाला. अशा बाळंतिणीपाशी वावर कमीत कमी ठेवून दुरूनच नजर ठेवायची असते. गडबडलेली आई पिल्लाला टाकून देऊ शकते.

रेबीजची लस, हातमोजे, वेळेवर पगार आणि रीतसर प्रशिक्षण, एवढं तरी या कामावरच्या प्रत्येकाला मिळायला हवं, मग तो कायम असो वा रोजंदारीवरचा. बिबट्याच्या नोंदवहीत रोजच्या निरीक्षणाखाली ते करणाऱ्याची सहीही असावी.