आयतं खाणारी केळ

बाळांनो, झाड उजेडावर जेवण रांधतं, हे तुम्ही शाळेत शिकलात. जळगावकडच्या टिश्यू कल्चरच्या केळीला मात्र बाटलीत सगळं आयतं मिळतं. कोंबाचा इवलासा गाभा निर्जंतुक करून अगरच्या थलथलीत थरावर ठेवतात. त्या थरात क्षार असतात, संप्रेरकं असतात, वर लिटरमागे साधारण ३० ग्रॅम साखर! मग दिवसाचे १६-१६ तास दिवे कशाला जाळायचे?

अरे, उजेड नुसता पोटाला नसतो, तो निरोपही असतो.

१९५२ साली अमेरिकेत, मेरीलँडमधल्या बेल्ट्सव्हिलला बॉर्थविक, हेंड्रिक्स आणि त्यांचे सोबती लेट्यूसच्या बियांमागे लागले होते. ही भाजी आपल्याकडच्या सँडविचातली. भिजवलेलं बी अंधारात फारसं रुजेना. तांबडा उजेड दाखवला, रुजलं. त्यावर लगेच तांबड्याच्याही पलीकडचा, डोळ्यांना जेमतेम दिसणारा उजेड टाकला, तर बी गप्प! पुन्हा तांबडा, पुन्हा तयार. कितीही आलटूनपालटून करा, बी ऐकायचं ते शेवटच्या रंगाचं. लबाड नाही, हुशार हो! डोक्यावर दुसऱ्याची पानं असली की ती तांबडा उजेड गिळतात आणि पलीकडचा खाली सोडतात. म्हणजे बियाला कळतं, इथे सावली आहे, घाई नको. हे ओळखणारं प्रथिन पुढे सापडलं. त्याचं नाव फायटोक्रोम.

निळा रंग ओळखणारी प्रथिनं वेगळी. निळा उजेड उंचीला लगाम घालतो आणि पानांवरची रंध्रं उघडतो. नुसत्या तांबड्यात बरीच रोपं लांबुडकी, किडकिडीत होतात. निळ्याची जोड मिळाली की बुटकी आणि दणकट. दोन्हींचं प्रमाण मात्र ज्याचं त्याचं. ऑर्किडला मानवलं ते बटाट्याला मानवेलच असं नाही. म्हणून प्रत्येक पिकासाठी पुन्हा प्रयोग करावे लागतात, आणि ते करायलाच हवेत. कारण रोप बाटलीतून निघतानाच होईल तितकं दणकट हवं; तिथल्या दमट हवेत पानांवर मेणाचा थर धड धरत नाही. असं नाजूक रोप थेट उन्हात गेलं तर कोमेजणारच. आधी शेडनेटमध्ये सोसायला शिकवावं लागतं.

काही प्रयोगशाळांत आता तांबड्या-निळ्या एलईडींनी खोली जांभळी दिसते. कधी गेलात तर तिथली रोपं काळपट दिसतील. आजारी नसतात हं ती! परत फेकायला हिरवा उजेडच तिथे नसतो.