वाकणारा चुंबक

मालाडच्या बहुतेक बिऱ्हाडांत आता फ्रिज आहे, आणि त्याच्या दारावर दोन-चार चुंबकी चित्रेही. त्यांतली पातळ, वाकणारी दोन चित्रे काढा, काळी पाठ पाठीला लावा आणि एकमेकांवरून सरकवा. एका दिशेने ती निमूटपणे घसरतील. आडव्या दिशेने मात्र टक् टक् उड्या घेत जातील! पट्टीत उत्तर आणि दक्षिण ध्रुवांच्या बारीक ओळी आळीपाळीने आखलेल्या असतात, त्याची ही गंमत.

फेराइटचा चुंबक बशीसारखा ठिसूळ. वाकवू गेलात तर तुकडेच हाती येतील. म्हणून त्याची वस्त्रगाळ पूड करून ती रबरात मळतात. फ्रिजच्या दाराच्या कडेला जी मऊ पट्टी असते, तिच्या पोटातही हाच चुंबक दडलेला असतो.

पूर्वी तेथे खटका असे. अमेरिकेत टाकून दिलेल्या फ्रिजमध्ये मुले खेळताखेळता शिरत, दार लागे आणि आतून ते उघडत नसे. कितीतरी मुले अशी गुदमरून गेली. अखेर १९५६ साली तेथे कायदा झाला: दार आतून ढकलताच उघडले पाहिजे. खटक्याची जागा चुंबकाने घेतली. आपल्याकडे, मालाडहून पवईमार्गे गेले की लागणाऱ्या विक्रोळीत, गोदरेजने १९५८ साली फ्रिज बनवायला घेतले.

संशोधकांना छळणारा प्रश्न मात्र बेसनाच्या लाडवातल्या तुपासारखा आहे: प्रमाण किती? पूड वाढवली की ओढ वाढते, पण रबर ताठर होते. कमी केली तर ते छान वाकते, पण चुंबकाला दाद देत नाही. हा मधला बिंदू गणिताने शोधावा लागतो.

अमेरिकेतील एम. आय. टी. या संस्थेत शुआनहे झाओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ साली याच हिशेबातून एक तार सिद्ध केली. जाडी एक मिलिमीटरहूनही कमी; आत निओडिमियमच्या चुंबकाची पूड, वर पाण्याने बुळबुळीत होणारा लेप. मेंदूतली रक्ताची गुठळी गाठायची तर डॉक्टरांना एरवी क्ष-किरणांच्या साहाय्याने तार हाताने पिळत, ढकलत न्यावी लागते, आणि तेथे एकेक मिनिट मोलाचे. ही नवी तार मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या सिलिकोनच्या प्रतिकृतीत सोडली, बाहेर एक चुंबक फिरवला, आणि तो वळेल तशी ती आत वळत गेली.