मुलाखतीत 'लग्न कधी करणार?' विचारले तर? जाणून घ्या कायदा काय सांगतो

नोकरीच्या मुलाखतीत 'लग्न कधी करणार?', 'मूल कधी?' असे प्रश्न आजही मुलींना विचारले जातात.

का विचारतात?
२०१७ पासून पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी प्रसूती रजा मिळते. ईएसआयसी लागू नसेल, तर हा पगार मालकालाच द्यावा लागतो.

कोर्ट काय म्हणाले?
एलआयसीच्या भरतीत महिलांना मासिक पाळी, गर्भधारणेची माहिती फॉर्ममध्ये भरावी लागे. ती खोटी दिल्याचे कारण देत नीरा माथूर यांना प्रोबेशनमध्येच काढले. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना पुन्हा कामावर घ्यायला लावले आणि हे लाजिरवाणे रकाने काढून टाकण्यास सांगितले.

कायद्यात काय?
वेतन संहिता २०१९ नुसार भरतीत लिंगावरून भेदभाव करता येत नाही. मात्र, प्रश्न विचारण्यावरच बंदी घालणारे कलम त्यात नाही.

उत्तर काय द्याल?
'सर, शिफ्ट किंवा फिरती असेल तर माझी तयारी आहे,' असे सांगून बोलणे कामावर आणा. तरीही आग्रह झाला, तर 'हा खासगी विषय आहे,' असे शांतपणे सांगा. प्रश्न आणि तारीख लिहून ठेवा. पुढे तक्रार करायची वेळ आली, तर ही नोंद उपयोगी पडते.