जागचं न हलणारं झुडूप

चिनू, या कॉफीच्या पाकिटावर ‘अराकू’ लिहिलंय ना, ते ठिकाणाचं नाव आहे. म्हणजे यातली प्रत्येक बी आंध्रातल्या पूर्व घाटाच्या एकाच डोंगरपट्ट्यात, हजारेक मीटर उंचीवर पिकलेली. तुझी आजी अमरावतीची, ती लगेच म्हणेल, आमच्या चिखलदऱ्यालाही कॉफी होते. होते ना! पण आज अराकूचं ऐक.

ज्याला जागचं हलता येत नाही, त्यानं किड्यांपासून जीव कसा वाचवायचा? कॉफीच्या झुडपानं पानांत आणि बियांत विषच भरून ठेवलं. त्याचं नाव कॅफीन. माझी झोप उडते ती त्याच विषानं! अराकूच्या अरेबिका जातीत ते सव्वा टक्क्याच्या आसपास असतं, रोबस्टात जवळपास दुप्पट.

फुलांचं मात्र निराळं. मार्च-एप्रिलात एखादी सर पडली की आठ-दहा दिवसांत मळाभर पांढरी, मोगऱ्याच्या वासाची फुलं उमलतात आणि दोन-तीन दिवसांत कोमेजतात. मधमाशीनं यायचं ते तेवढ्यातच. फुलांच्या मधातही कॅफीन असतं, पण कडू लागणार नाही इतकं थोडं. ते चाखलं की मधमाशीची आठवण पक्की होते. शास्त्रज्ञांनी २०१३ साली दाखवून दिलं, की चोवीस तासांनंतरही फुलाचा वास ओळखणाऱ्या माश्या कॅफीनमुळे तिपटीनं वाढतात. शत्रूला विष आणि मित्राला चिरीमिरी. दिल्लीच्या करोल बागेत राहून हे तुला मी काय समजावणार!

एक चिमुकला भुंगा मात्र या विषाला भीक घालत नाही. फळ पोखरून तो बीमध्ये शिरतो, पिल्लंही तिथंच वाढवतो. त्याच्या पोटातले जीवाणू कॅफीन पचवून टाकतात. औषध देऊन ते जीवाणू मारले, तेव्हा भुंग्याचा वंश वाढेना. भारतात तो १९९० साली निलगिरीकडे सापडला आणि मळेवाल्यांची झोप कॉफी न पिताच उडाली.

फळ पिकायला आठ-नऊ महिने लागतात. उंचावरच्या थंड हवेत ते सावकाश पिकतं, म्हणून चव भरते. पण एकाच फांदीवर लाल, पिवळी, हिरवी फळं असतात. सगळी एकदम ओरबाडली तर कच्च्यांची तुरट चव पेल्यात उतरते. अराकूतली आदिवासी कुटुंबं सिल्व्हर ओकच्या सावलीत, मिरीच्या वेलांशेजारी, आपापल्या लहानशा तुकड्यात पुन्हा पुन्हा फिरून फक्त लाल फळं हातानं तोडतात. पूर्वी याच डोंगरात जंगल जाळून ‘पोडू’ शेती चालायची. कॉफीला सावली लागते, त्यामुळे झाडं राखावी लागली. २०१९ साली या अरेबिकाला भौगोलिक मानांकन मिळालं.

काय म्हणतेस, गॅलरीतल्या कुंडीत पेरू या? अगं, भाजलेली बी मेलेली असते. कच्चीही काही महिन्यांत उगवेनाशी होते, आणि उगवलीच तर मे महिन्यातली आपली लू तिला सोडणार नाही. म्हणून तर सूफी संत बाबा बुदानांची गोष्ट सांगतात. येमेनमधून उगवणारी बी बाहेर जाऊ देत नसत म्हणे. सतराव्या शतकात हजहून परतताना त्यांनी सात बिया लपवून आणल्या आणि चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या. कच्च्या हं, भाजलेल्या नव्हेत.