कोबा फोडला, घर वाचलं!

पावसाळा म्हणजे लाँग ड्राइव्ह, भाजलेलं कणीस आणि सिंहगड. हो ना? आमच्या सहकारनगरच्या घरी मात्र पावसाळा म्हणजे बादली, फडकी आणि बाबांची चिडचिड! २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला. ओढा आमच्यापासून लांब, तरी हॉलमध्ये घोटाभर पाणी. ते आलं होतं चक्क आमच्याच गेटपासून पोर्चपर्यंतच्या कोब्यावरून.

झालं काय, तर तडे गेले की बाबा दर वेळी जुन्यावरच नवा थर टाकून घ्यायचे. अंगण चढत गेलं, जोतं तिथंच राहिलं. त्यात ढाळ घराकडे. हिशेब करा, ३० चौरस मीटरवर ५० मिलिमीटर पाऊस म्हणजे १५०० लिटर पाणी! दोन पावसाळे ताडपत्रीवर काढले. ओलीचे पोपडे देवघरापर्यंत पोचले, तेव्हा आई म्हणाली, ‘अहो, आता फोडाच ते.’

बाबांच्या मनात अजून चौथा थर. गवंड्याने गेटपाशी बादलीभर पाणी ओतलं. ते सरळ दाराशी. ‘काका, आता तुम्हीच सांगा, थर कुठं टाकू?’

चार दिवस नुसती धूळ. कोबा उचलला, खाली मुरूम लागला. नशीब! काळी माती असती तर ती फुगते, पाणी मुरू देत नाही. मग खडीत छिद्रांचा पाइप टाकून ते बाहेर काढावं लागतं. वर कच नसलेली खडी, त्यावर ग्रास पेव्हर. ढाळ गेटकडे, दर १० फुटांना साधारण अडीच इंच. दारापुढे आडवी चर, वर लोखंडी जाळी. भिंतीलगतची पट्टी मात्र पक्कीच ठेवली, पाया भिजायला नको म्हणून.

आणि हो, कॅटलॉगमधल्या चकाचक पेव्हर ब्लॉकला भुलू नका. खाली पीसीसी असेल तर पाणी मुरणार कुठे? चरीचं पाणी ड्रेनेजच्या चेंबरला जोडायचा शॉर्टकटही नको. जोराच्या पावसात तेच उलटून घरात येतं, वासासकट!

तोटे? हिल्स अडकतात. स्कूटरचा स्टँड रुततो, म्हणून तिथे एक फरशी टाकली.

यंदाच्या पहिल्या दणक्याला बाबा छत्री घेऊन अर्धा तास पोर्चमध्ये उभे. आत आले ते कोरड्या चपलांनी. ‘चहा टाक गं,’ एवढंच म्हणाले. फडकी मात्र आईने अजून दाराशीच ठेवली आहेत.