चौथी बाजू

आमच्या गावाकडची पोरं विहिरीत पोहायला शिकली. पाठीला पत्र्याचा बंद डबा नाहीतर वाळलेल्या भोपळ्यांची सांगड, कमरेला दोर आणि दोराचं दुसरं टोक काठावरच्या काकांच्या हातात. विहिरीत माणसं बुडत नसत असं नाही; बुडतच. पण पोहायचं तर घर सोडून मळ्यापर्यंत जावं लागे, आणि दोन वर्षांचं पोर तेवढ्या लांब एकटं जात नसे. लोणावळा, कर्जत, अलिबागच्या बंगल्यांत आता पाणीच घरापर्यंत आलंय. दिवाणखान्याची सरकती काच, चार हात फरशी, की लगेच तलाव.

अशा बंगल्याची तपासणी पाण्याच्या काठावरून सुरू करू नये. टेप घेऊन दिवाणखान्यात, मूल खेळतं तिथेच बसावं. चार-पाच वर्षांखालचं मूल बुडतं ते बहुधा पोहण्याच्या वेळी नव्हे. पोहणं आटोपलेलं असतं, मंडळी ताटावर बसलेली असतात. पाण्यात राहिलेला चेंडू तेवढा एकट्या मुलाच्या लक्षात असतो.

मालकाला विचारावं तर तो आवाराची भिंत दाखवतो. सहा फुटी, वर काचा लावलेली. ती भिंत चोरासाठी. मूल तर आधीपासून भिंतीच्या आतच आहे. तीन बाजूंना भिंत आणि चौथ्या बाजूला घर असेल, तर त्या चौथ्या बाजूला दाराखेरीज काहीच नसतं. तलावाला घराकडूनही, म्हणजे चारही बाजूंनी वेगळं कुंपण असेल, तर तीन बाजूंच्या कुंपणाच्या तुलनेत मूल बुडण्याचा धोका ८३ टक्क्यांनी कमी होतो, असं अमेरिकेचं रोगनियंत्रण केंद्र सांगतं. या एका गोष्टीवर खर्च करून बाकी सगळं पुढच्या वर्षावर ढकललं, तरी मी मालकाला नावं ठेवणार नाही.

कुंपण कसं असावं याचे नियम ऑस्ट्रेलियात बोटाबोटाने ठरलेले आहेत, आणि प्रत्येक मापामागे मुलाचं शरीर आहे. उंची किमान १.२ मीटर, म्हणजे चार फूट. उभ्या गजांमधली फट १० सेंटिमीटरपेक्षा जास्त नको, नाहीतर मूल त्यातून आरपार जातं. कुंपणाखालची फटही तेवढीच. कुंपणालगत ९० सेंटिमीटरच्या पट्ट्यात कुंडी, खुर्ची, झाड, आडवी पट्टी असं पाय ठेवून चढण्याजोगं काही नको. फाटक तलावापासून उलट्या दिशेला उघडणारं हवं, म्हणजे मुलाने ढकललं तर ते बंदच राहील. ते आपोआप मिटून आपोआप अडकलं पाहिजे, आणि खटका जमिनीपासून १.५ मीटरवर हवा.

तपासणी सोपी आहे. फाटक वीतभर उघडून हात सोडायचा. खटका अडकल्याचा आवाज आला तर ठीक. अलिबागच्या खाऱ्या हवेत साध्या लोखंडाच्या स्प्रिंगच्या बिजागऱ्या टिकत नाहीत, तिथे स्टेनलेस स्टील लागतं. आणि चांगल्यातलं चांगलं फाटकही एका कुंडीपुढे हरतं: नाश्त्याच्या ताटल्यांची ने-आण करताना कुणीतरी कुंडी सरकवून ते उघडं ठेवतं.

‘कुंपणाने दृश्य बिघडतं’ ही तक्रार मी ऐकली आहे. त्यावर काचेच्या तावदानांचं कुंपण आहे, खांब काढून गुंडाळता येणारं जाळीचंही आहे. फ्रान्सने २००३ साली कायदा करून घरच्या तलावाला कुंपण, आच्छादन, छत किंवा गजर यांपैकी एक सक्तीचं केलं. यातला गजर मला सर्वांत कच्चा वाटतो, कारण पाण्यात बसवलेला गजर वाजतो तो मूल पडल्यानंतर. पावसाळ्यात तलावावर ताडपत्री ताणण्याची पद्धत तर त्याहून वाईट. लोणावळ्याचा पाऊस तिच्यावर साठतो, मुलाला ती जमीन वाटते, आणि पाय पडताच ती आत खचते. माणसाचं वजन पेलणारं घट्ट आच्छादन ही वेगळी वस्तू आहे.

आता पाण्यात उतरल्यावरचं बघू. बुडणारा माणूस हात हलवून ओरडतो, हे सिनेमाने शिकवलेलं. फ्रँक पिया या न्यूयॉर्कच्या जीवरक्षकाने समुद्रकिनाऱ्यावरच्या प्रसंगांचं चित्रीकरण करून निराळंच दाखवून दिलं. तोंड पाण्यावर येतं ते जेमतेम श्वास ओढण्यापुरतं, ओरडायला श्वास उरत नाही. हात बाजूंना पसरून पाणी खाली दाबत राहतात, ते वर उचलून हलवता येत नाहीत. शरीर उभंच्या उभं राहतं, पाय मारले जात नाहीत. हे २० ते ६० सेकंद चालतं, मग माणूस खाली जातो. तीन हातांवर गप्पा मारणाऱ्याला पाणी साधं डुचमळल्यासारखं वाटतं.

म्हणून काठावर बाराजण असण्यापेक्षा एकाचं नाव ठरलेलं बरं. पंधरा-वीस मिनिटांची पाळी, गळ्यात शिट्टी, मोबाइल दुसऱ्याकडे, दारू अजिबात नाही. पाळी संपली की शिट्टी पुढच्याच्या हातात द्यायची, नुसतं ‘जरा बघ हं’ म्हणून उठायचं नाही. पाच वर्षांखालचं मूल हाताच्या अंतरावर हवं. दंडातले फुगे खेळण्यात जमा आहेत. हवा सुटते, हातातून निसटतात. पोहण्याचा पोशाख निळा किंवा पांढरा घेऊ नये, निळ्या टाइल्सवर तो दिसेनासा होतो. भडक नारिंगी घ्यावा.

विहिरीवर शिकलेल्या मोठ्यांची इथे एक खास गोची होते. विहिरीत पाणी खोल असे, धावत येऊन सूर मारण्याची सवय अंगात मुरलेली. बंगल्यातला तलाव चार-पाच फुटांचा. डोकं तळाला आपटलं तर मान मोडते आणि पुढचं आयुष्य खाटेवर जातं. खोलीचे आकडे काठावर ठळक रंगवावेत. नऊ फुटांहून कमी पाण्यात डोकं खाली करून उडी नाही.

तळाच्या जाळीकडे कुणाचं लक्षच जात नाही. पंप तिथून पाणी खेचतो, आणि जाळी तुटकी असेल तर केस, हात, पाठ खेचून धरतो. अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर यांची सात वर्षांची नात व्हर्जिनिया ग्रॅम बेकर २००२ साली गरम पाण्याच्या कुंडात अशीच अडकली आणि गेली. तिच्या नावाचा कायदा डिसेंबर २००७ मध्ये झाला. आपण पाहायचं ते एवढंच: जाळी घुमटाकार आणि अखंड आहे का, स्क्रू जागेवर आहेत का, एका पंपाला किमान तीन फूट अंतरावरच्या दोन जाळ्या आहेत का. पंपाचं बटण कुठे आहे हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक हवं. लांब केस बांधूनच पाण्यात उतरावं. पाण्यातले दिवे १२ व्होल्टचे आणि वीजजोडणीला ३० मिलिअँपिअर गळतीला वीज तोडणारी आरसीसीबी, हे वायरमनकडून तपासून घ्यावं.

पाण्याची स्वच्छता हाही कुंपणाइतकाच सुरक्षेचा भाग आहे, कारण गढूळ पाण्यात तळाशी गेलेलं मूल दिसत नाही. काठावरून तळाची जाळी स्पष्ट दिसत नसेल तर त्या दिवशी पोहणं बंद. मोकळा क्लोरीन १ ते ३ पीपीएम आणि पीएच ७.२ ते ७.८ ठेवावा. पीएच ७.५ असताना क्लोरीनचा निम्माच भाग जंतू मारणाऱ्या रूपात असतो. ८ झाला की जेमतेम पाव. म्हणजे पावडर टाकूनही पाणी खराबच. नाकाला झोंबणारा वास आला की लोकांना क्लोरीन जास्त झाल्यासारखं वाटतं. खरं तर घाम-लघवीशी संयोग होऊन तो खर्ची पडल्याचा तो वास असतो.

केअरटेकरला दोन गोष्टी समोर उभं राहून सांगाव्यात. टाइल्स धुण्याचं ॲसिड आणि क्लोरीन एकत्र आले की विषारी वायू सुटतो, त्यामुळे दोन्ही वेगवेगळ्या जागी कुलपात ठेवायचं. आणि औषध पाण्यात टाकायचं, औषधावर पाणी ओतायचं नाही.

इतकं करूनही कुणी बुडालंच, तर बाहेर काढलेल्या माणसाला पालथं घालून पोट दाबण्याची आपल्याकडची रीत आधी विसरावी. त्यात वेळ जातो आणि उलटी श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. बुडालेल्याचं हृदय थांबतं ते प्राणवायू संपल्यामुळे, म्हणून आधी श्वास द्यायचे. मान मागे, नाक बंद, तोंडाने पाच श्वास. मग छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० च्या वेगाने ३० दाब, दोन श्वास, पुन्हा ३० दाब. मदत येईपर्यंत थांबायचं नाही. मूल शुद्धीवर येऊन रडू लागलं तरी दवाखान्यात न्यायचंच. हे वाचून येत नाही, पुतळ्यावर हात बसवावा लागतो.

दरम्यान दुसऱ्याने १०८ किंवा ११२ लावायचा. पलीकडून पहिला प्रश्न पत्त्याचा येतो, आणि शनिवार-रविवारपुरता भाड्याने बंगला घेतलेल्या पाहुण्यांना तो सांगता येत नाही. त्यांनी नकाशावरची निळी रेघ धरून गाडी आणलेली असते. तेव्हा फाटकाशेजारी, मोठ्या अक्षरांत, मराठी आणि इंग्रजीत लिहून ठेवावं: गाव, कोणता फाटा, कोणत्या देवळानंतर वळायचं, बंगल्याचं नाव आणि केअरटेकरचा नंबर.